पोस्टानं आलेली दोन मतं

निवडणुकीत पडण्यासाठी संजीवनं जेवढी धडपड केली, तेवढी निवडून येण्यासाठीही कुणी करत नसेल. टोकियोच्या कोतो भागातल्या त्याच्या इमारतीच्या रहिवासी संघाला दरवर्षी एक अध्यक्ष लागे आणि दरवर्षी ते पद कुणालाच नको असे. कचरा चुकीच्या दिवशी टाकणाऱ्यांना गोड शब्दांत समजावायचं, सायकलींवरून होणारी भांडणं मिटवायची आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी आपत्ती-सराव घ्यायचा. मोठ्या भूकंपानंतर या सरावाला घरच्या लग्नाइतकं महत्त्व आलं होतं. त्या दिवशी अध्यक्षानं गैरहजर राहणं अशक्यच.

नेमक्या त्याच रविवारी पुण्यात संजीवच्या वडिलांचं, अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. बँकेनं टोकियोला पाठवल्यापासून तो एकदाच घरी गेला होता. अण्णांना ओवाळतील तेव्हा आपण समोर असायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

त्याचं नाव सुचवलं गेलं ते त्याच्याच पुण्याईनं. भूकंपात लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यानं नवव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पाण्याचे कॅन उचलून नेऊन दिले होते. ते आता अंगाशी आलं. दुसरे उमेदवार ओगावा-सान, निवृत्त शिक्षक, तेही तितकेच नाखूश होते. संजीवनं दारोदार फिरून वाकून वाकून सांगितलं, "मी या पदाला अजिबात लायक नाही. कृपया ओगावा-सानांना मत द्या."

"केवढी ही नम्रता!" नवव्या मजल्यावरच्या आजी डोळे पुसत म्हणाल्या.

"तू आता गप्प बस बरं," घरी आल्यावर त्याची बायको उत्तरा म्हणाली. "आपल्याकडे पाहुणा पोळी नको म्हणाला की आपण काय करतो? दोन वाढतो. इथंही तेच चाललंय."

"मग तू तरी ओगावा-सानांना मत दे."

"बघते," असं म्हणून ती मैत्रिणीकडे, शमाकडे, सेंदाई शहराला निघून गेली. बाहेरगावी असणाऱ्यांना मत पोस्टानं पाठवायची सोय होती.

सरावाच्या काही आठवडे आधी, एका रविवारी मोजणी झाली आणि संजीव एका मतानं पडला. त्याला आनंद लपवता येईना. त्यानं लगेच विमानाचं तिकीट काढलं, पुण्याला फोन करून "अण्णा, मी येतोय!" म्हणून ओरडला आणि मतदारांचे आभार मानायला मजल्या-मजल्यावर पेढे वाटून आला.

सोमवारी संध्याकाळी मोजणीप्रमुख मियाके-सान दारात उभे. हातात दोन पाकिटं.

"आज पोस्टानं आली. शिक्का शनिवारचा आहे, म्हणजे नियमानं धरावीच लागतात. दोन्ही मतं तुम्हाला आहेत. अभिनंदन!"

संजीवनं दोन्ही पाकिटांवरचे शिक्के उलटसुलट करून पाहिले. "फेरमोजणी करा," तो कसाबसा म्हणाला.

जिंकलेला माणूसच फेरमोजणी मागतो, हे पाहून तर सगळी इमारत भारावली. सभागृहात मतं पुन्हा मोजली गेली. आकडा तोच. "आणखी एकदा," संजीव म्हणाला. आकडा हलला नाही. तिसऱ्यांदा तर मियाके-सानांनी एकेक चिठ्ठी उंच धरून सगळ्यांना दाखवली. त्यातल्या एकीवरचं गोल गोल अक्षर संजीवला फारच ओळखीचं वाटलं. 'दूध संपलंय' असं फ्रिजवर रोज याच वळणानं लिहिलेलं असे.

ओगावा-सान पुढे आले. चेहरा फुललेला. "एक मत माझं होतं. गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो होतो, तिथून आठवणीनं पाठवलं. तुमच्यासारखा अध्यक्ष मिळणार नाही!"

संजीव तडक घरी आला. उत्तरा नुकतीच सेंदाईहून परतली होती. "उत्तरा, तूसुद्धा?"

"अरे, मी काय करू? सेंदाईला अण्णांचा फोन आला. मी गंमत म्हणून निवडणुकीचं सांगितलं, तर मागेच लागले. म्हणाले, सूनबाई, घरचं मत त्यालाच पडलं पाहिजे. सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? आणि एका मतानं काय होतंय, असं वाटलं."

"सराव त्याच दिवशी आहे, हे सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी बोलूच कुठं दिलं?"

संजीवनं पुण्याला फोन लावला. अध्यक्षाला सरावाला थांबावंच लागतं, त्यामुळे आपल्याला येता येणार नाही, हे त्यानं एका दमात सांगून टाकलं.

"निवडून आलास?" अण्णांनी विचारलं. "किती मतांनी?"

"एका."

"बघ! मी सोसायटीच्या निवडणुकीत एका मतानं पडलो होतो. मागाहून कळलं, तुझ्या आईनं शेजारच्या लक्ष्मीकांतला मत दिलं होतं. म्हणून तर सूनबाईला बजावलं." अण्णांचा आवाज आनंदानं भरून आला होता. "सोहळा महिनाभर पुढे ढकलू. तू आल्याशिवाय मी पाटावर बसत नाही. चंद्र काय कुठं पळून जातोय? पण मला एक सांग, मतं नीट मोजली ना त्यांनी? नाहीतर मागाहून घोळ नको."

"तीनदा मोजली, अण्णा," संजीव म्हणाला. "मीच मोजायला लावली."