जर्सीचे स्वागत आणि त्यानंतरची चौकशी

ज्या देशाचा शिपाई उबेत असतो, त्या देशाचा नागरिक बिनघोर असतो, हे निर्विवाद आहे. म्हणून शिपायाच्या स्वेटरचा इतिहास प्रत्येकाला माहीत असायलाच हवा. (नसेल तर लाजू नका, आमच्या सरपंचांनाही नव्हता.)

पूर्वी दूरदेशी लढाई लागली की घरोघरच्या बायका शिपायांसाठी स्वेटर विणत. मापं चुकत, बाह्या लांब-आखूड होत, पण स्वेटर गरम असे. पुढे हे काम बायकांच्या हातून निविदांच्या हाती गेलं आणि बाह्या सारख्या झाल्या. मग बंदूक टेकते म्हणून खांद्यावर ठिगळ आलं, सरपटावं लागतं म्हणून कोपरावर आलं. कोऱ्या कपड्याला ठिगळ लावून देणारं जगातलं हे एकच खातं असावं. या स्वेटरला फौजेत जर्सी म्हणतात. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

आमचं गाव फुलसावंगीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. (नाव देता येत नाही, चौकशी चालू आहे.) गावालगतच्या तांड्यातला देवसिंग राठोड फौजेत, बर्फाच्या मुलखात. त्याची याडी, म्हणजे आई, कोकिळाबाई घरी एकटी. तिला दमा. थंडी पडली की ती रात्रभर खोकते आणि सकाळी शेजाऱ्यांची माफी मागते.

मागच्या हिवाळ्यात देवसिंगचा फोन आला तो हबीबभाईंच्या सायकल दुकानात. कोकिळाबाईंना ऐकू कमी येतं आणि हबीबभाईंचा आवाज खणखणीत. देवसिंग म्हणाला, “चाचा, याडीले सांगा, मले नवी जर्सी भेटली. जुनी तिच्यासाठी आणून राह्यलो. हिवाळ्यात लय कामी येईन.” हबीबभाईंनी निरोप कोकिळाबाईंच्या कानात ओरडून सांगितला. तो अख्ख्या गावानं ऐकला.

आता आमच्याकडे जर्सी म्हटल्यावर एकच जनावर डोळ्यांपुढे येतं. सरपंच बाबारावांनी संध्याकाळच्या आत जर्सी स्वागत समिती नेमली. सरकार जवानांना गाई वाटतं ही योजना आपल्याला कशी ठाऊक नाही, याचं सर्वांना वाईट वाटलं. अशी योजनाच नसेल, ही शंका मात्र कोणाला शिवली नाही. ‘जुनी’ म्हणजे तिसऱ्या वेताची, असं एकमतानं ठरलं. टिनाचा गोठा उभा राहिला. दुधाचं वाटपही झालं: थोडं शाळेला, थोडं अंगणवाडीला आणि उरलेलं (म्हणजे जवळपास सगळं) समितीच्या चहाला. विलायती जनावर नाजूक, त्याच्या अंगाखाली मऊ काही पाहिजे, म्हणून कोकिळाबाईंची एकुलती एक गोधडी समितीनं ताब्यात घेतली.

“अरे बाप्पा, मले हिव वाजते ना!” त्या म्हणाल्या.

“थोडी कळ काढ वं माय,” बाबाराव म्हणाले. “मंग घरात दूधच दूध हाय.”

देवसिंग यष्टीतून उतरला तेव्हा बँड वाजला. त्याच्या उजव्या हातात पिशवी होती, डावा हात खिशात. (सरपंचांसमोर खिशात हात! समितीनं ही मग्रुरी लक्षात ठेवली.) बाबाराव हार घेऊन त्याला ओलांडून गाडीत डोकावले.

“जर्सी कुठी हाय?”

“पिशवीत.”

“गाय पिशवीत? मज्याक करून राह्यला काय बे?”

देवसिंगनं स्वेटर काढून दाखवला. हिरवागार, कोपरांवर ठिगळं. बँड आपोआप थांबला. ठिगळं आहेत म्हणजे जुनी आहे, एवढा एक मुद्दा तेवढा जुळला.

गाय मधल्या मध्ये कोणीतरी हडप केली, याबद्दल दुमत नव्हतं. ताबडतोब चौकशी समिती बसली (माणसं तीच, खुर्च्या वेगळ्या). गाय कुठल्या स्टेशनावर उतरवली? कोणाला विकली? दूध किती देत होती? देवसिंग प्रत्येक वेळी ‘स्वेटर आहे हो, स्वेटर’ म्हणत राहिला, त्यामुळे संशय बळावला. शेवटी समितीनं स्वेटर पाण्यात भिजवून पिळून पाहिला. दूध निघालं नाही. तेव्हा तो पुरावा म्हणून कपाटात सीलबंद झाला आणि गोधडी गोठ्याबरोबर पंचनाम्यात गेली.

मायलेक चुलीपुढे बसले. पांघरायला काहीच उरलं नव्हतं. अख्ख्या गावानं जे विचारलं नाही, ते कोकिळाबाईंनी विचारलं.

“हात काहून खिशात हाय रे तुहा?”

असं म्हणत त्यांनीच तो हात ओढून बाहेर काढला. दोन बोटं नव्हती.

“बर्फात गेले, याडी. रस्ता बंद होता. नवी जर्सी अन् हातमोजे मागून पोचले.”

कोकिळाबाई रडल्या. मग तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून चुलीशी शेकत बसल्या, खोकत खोकत.

हा तपशील चौकशीच्या कागदांत नाही, कारण तसा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. पण आमच्या गावाला हसू नका. देवसिंगचा हात खिशात आहे, हे मी तुम्हाला यष्टीपाशीच सांगितलं होतं. तेव्हापासून तुम्ही काय पाहत होता? गायच ना?