नऊ उंदरांची आंघोळ

"मामा, यांच्या शेपट्यांवरचे रंग कुठे गेले?"

उंदीरखोलीच्या दारातच संशोधक बाईंचा आवाज चिरकला. समोर टबात अंथरलेल्या टॉवेलवर नऊ पांढरे उंदीर अंग सुकवत बसले होते. प्राण्यांची देखभाल करणारे मामा कौतुकाने म्हणाले, "आज परीक्षक यायचेत ना? म्हटलं, चारचौघांसमोर न्यायचं तर आंघोळ घालावी. ते डाग काही केल्या निघेनात. शेवटी ब्रश लावला."

ते डाग म्हणजे बाईंच्या प्रबंधाची तीन वर्षांची मेहनत होती. मेंदूतला हिप्पोकॅम्पस काढलेल्या तिघांना लाल शाई, सेप्टम हा मेंदूचाच दुसरा भाग काढलेल्या तिघांना निळी, आणि तुलनेसाठी ठेवलेले तीन निरोगी बिनरंगाचे. निरोगींच्या डोक्यालाही नुसती चीर देऊन टाके घातलेले, त्यामुळे टाळूवरची खूण सगळ्यांची सारखीच. परीक्षक यायला तीन तास उरले होते.

"घाबरू नका, मी सांगतो ना," मामा म्हणाले, "हा बघा..."

"तुम्ही आता एक शब्दही बोलू नका!"

मामा ब्रश घेऊन कोपऱ्यात सरकले.

बाईंनी पदर खोचला. शाई गेली तरी स्वभाव कुठे जातो? हिप्पोकॅम्पस गेलेल्याला वाट आठवत नाही. त्यांनी एकेकाला चक्रव्यूहात सोडलं. सहा जण नेहमीच्या वळणांनी थेट खाऊपाशी पोचले. तिघे मात्र त्याच बंद गल्लीत शिरत, भिंतीला नाक लावत आणि परत तिथेच शिरत. त्यांना लाल शाई लागली.

सेप्टम गेलेला उंदीर चिडका होतो. बाईंनी उरलेल्या सहांपुढे बोट धरलं. तिघे तळहातावर चढून डोळे मिटून बसले. तिघांनी कडकडून चावा घेतला. आनंदाच्या भरात बाईंना दुखलंसुद्धा नाही. चावऱ्यांना निळी शाई लावून त्यांनी सगळ्यांना रंगाप्रमाणे पिंजऱ्यांत ठेवलं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लावल्या.

"बाई, पण ते..."

"मामा!"

परीक्षक आले. हळू बोलणारे, बारीक अंगाचे गृहस्थ. बिनरंगी तिघांच्या पिंजऱ्यांपाशी ते थबकले. "हे निरोगी?"

"हो, अगदी."

"मग यांच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या कशा? सेप्टम गेलेले उंदीर ढसाढसा पाणी पितात, असं तुम्हीच लिहिलंय. पान एकशे बारा."

बाई निळ्यांच्या पिंजऱ्यांकडे वळल्या. निळ्यांच्या बाटल्या जवळजवळ भरलेल्या होत्या. परीक्षकांनी निळ्यातल्या एकापुढे बोट नेलं आणि झटक्याने मागे घेतलं.

"आई गं! चावतो, पण तहान नाही. हा तर ठणठणीत आहे!"

"आता बोलू का?" कोपऱ्यातून मामांनी विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"हे चावरे तिघे साधे आहेत. धडधाकट, म्हणून त्यांच्याकडे कोण बघतंय? दाणापाणी टाकलं की संपलं. आणि हे बिनरंगी शहाणे तिघे ऑपरेशन झाल्यावर जरा खुट्ट झालं की उडायचे, अंगावर यायचे. म्हटलं, दुखणाईत जीव, चिडणारच. रोज अर्धा तास मांडीवर घेऊन बसतो."

परीक्षकांनी बोटाला रुमाल गुंडाळला. "बाई, तुमच्या मते हा राग कायमचा. तो शेवटचा कधी मोजलात?"

"ऑपरेशननंतर... पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे पुढचं संशोधन मामांनी केलं. पदवी मिळेल तुम्हाला, पण सहा महिन्यांनी. नवे उंदीर घ्या. निम्म्यांचे लाड करा, निम्म्यांचे नको. आणि प्रबंधात मामांचे आभार माना."

बाईंचा चेहरा पडला. मामांचा मात्र उजळला. "म्हणजे नवे येणार?"

नवे आले. बाईंनी डाव्या भिंतीवर 'लाड' आणि उजव्या भिंतीवर 'हात लावण्यास सक्त मनाई' अशा पाट्या लावल्या. मामांनी नियम काटेकोर पाळला. उजवीकडे दाणे टाकताना ते नजरसुद्धा वळवत नसत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते जरा लवकर आले. बाई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर उजवीकडचा एक लहानखुरा उंदीर पसरला होता आणि बाई त्याच्या कानामागे खाजवत होत्या.

मामांना पाहताच त्या दचकल्या. "वजन... वजन करत होते त्याचं."

मामांनी पलीकडच्या टेबलावर आच्छादन घातलेल्या वजनकाट्याकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "किती भरलं?"

"नीट कळत नाहीये," उंदराला जरा जवळ ओढून घेत बाई म्हणाल्या, "अजून थोडा वेळ लागेल."