ओविडच्या ओकचं बारसं

"ओक लावावा तर मेलान्सोंनीच," असं ओविड मेलान्सों व्हरांड्यात उभा राहून, छाती पुढे काढून म्हणाला, तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरावर अजून निळी ताडपत्री होती. तिथलं छप्पर मागच्या वादळात बसलं होतं, आणि ते बसवलं होतं ओविडच्या बापाने लावलेल्या ओकनेच. पण हा तपशील ओविडच्या मते गैरलागू होता.

"बाबांनी वॉटर ओक लावला होता," तो म्हणाला. "वॉटर ओक म्हणजे घाईचं काम. भराभर वाढतो, आतून पोकळ होतो आणि संधी बघून घरावर पडतो. मी लाइव्ह ओक लावणार. तीन-तीनशे वर्षं जागचा हलत नाही तो."

"आणि तू?" कोळंबी सोलता सोलता त्याच्या बायकोने, अर्लीनने विचारलं.

प्रश्न थट्टेतला नव्हता. झाड पडल्यापासून दुपारचं ऊन थेट व्हरांड्यात घुसायचं, आणि त्या उन्हात बसून अर्लीनने मनाशी पक्कं केलं होतं: घर विकायचं आणि ह्यूस्टनला मुलीकडे राहायला जायचं. ओविडने सारा जन्म घरामागच्या बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या खाडीच्या, संथ पाण्यावर टगबोट हाकण्यात घालवलेला. मुलीच्या नवव्या मजल्यावर खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची, आणि त्या दर्शनानेच त्याला धाप लागायची.

"सावली मला नकोच आहे," अर्लीन म्हणाली. "ती पडेपर्यंत आपण दोघं चर्चमागे आडवे झालेलो असू. पण तू एक झाड वर्षभर जगवून दाखव. पुढच्या वर्षीच्या ऑल सेंट्सच्या दिवसापर्यंत. मग मी मानेन की या घराला पुढे काही आहे. नाहीतर सामान बांधायचं."

"झालंच समज."

आजवर ओविडच्या हातून टोमॅटो गेले होते, अंजीर गेलं होतं, एक निवडुंगसुद्धा गेला होता.

ऑल सेंट्सला, पहिल्या नोव्हेंबरला, सगळं गाव थडगी धुवायला आणि चुना फासायला चर्चमागे जमतं. यंदा ओविडनेही बापाच्या थडग्याला चुना फासला, चार गोष्टी सुनावल्या आणि तिथल्या पुराणपुरुष लाइव्ह ओकखालून टोपीभर बिया वेचल्या.

"नर्सरीतून तयार रोप आण ना," शेजारचा प्लासीद म्हणाला. "या वयात बाळंतपण कशाला काढतोस?"

"विकतचं रोप म्हणजे कुंडीत मुळांचा गुंता झालेलं पोर. बियाणं पारखून घ्यावं लागतं, प्लासीद."

त्याने पारखलंही. बिया पाण्यात टाकल्या, तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या खेकड्यांच्या जुन्या बादल्यांत पेरल्या. खारींनी उकरू नये म्हणून वर जाळी घातली. फक्त एका बादलीला जाळी पुरली नाही. "तिथे खारींचा हिस्सा," असं तो उदारपणे म्हणाला.

वसंतात जाळीच्या सगळ्या बादल्यांमधून अंकुर वर आले आणि ओविडचं तोंड उतरलं. एकेका रोपाची पानं काटेरी. कडेने टोचे, बोट लावलं तर चुटकन लागणारे.

"हॉली," त्याने निदान केलं. "नाताळात दाराला लावतात ती. पक्ष्यांनी घाण केलीय सगळी!"

"जाळीतून?" अर्लीनने विचारलं.

"पक्षी वरून करतात, अर्लीन."

उघड्या बादलीत मात्र एकच रोप, पण काय रोप! लांबट, गुळगुळीत पानं. ओविडने चर्चच्या ओकची डहाळी आणून शेजारी धरली. तिचीही पानं गुळगुळीत. निकाल लागला. बाकीची रोपं उपटून शेडमागे गेली आणि हे एकुलतं एक अंगणात, घरापासून चांगलं लांब, सन्मानाने बसलं. ओविडने खोडापासून दूर गोल पालापाचोळा पसरला, हरणांसाठी कुंपण केलं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. रोप गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेकडे सरकू लागलं.

"लाइव्ह ओक एवढा पळतो का रे?" प्लासीदने विचारलं.

"हाताचा गुण आहे."

एव्हाना ओविडच्या अंगात आलं होतं. नुसतं जगवून काय उपयोग, त्याने झाडाचं बारसंच घालायचं ठरवलं. ऑल सेंट्सला फादर आन्सेल्म थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, तसेच ते पुढे अंगणात येतील, धर्मपिता म्हणून प्लासीद उभा राहील, मग सर्वांना कोळंबीचा दाट रस्सा, गंबो. अर्लीनने मोठं पातेलं चढवलं. घर विकणारा दलाल सोमवारी यायचा होता, आणि त्याला तिने अजून नको म्हटलं नव्हतं. ओविडला हे ठाऊक होतं. गंबोचा वास घेतानाही त्याचं लक्ष लागत नव्हतं.

सगळे जमले. फादरांनी प्रार्थना म्हटली, झाडाचं नाव ओविड धाकटा असं ठेवलं, पाणी शिंपडलं. मग एक पान बोटांत धरलं आणि थबकले. त्यांचं बालपण उत्तरेकडच्या लाकूडवाल्यांच्या घरात गेलेलं.

"ओविड," ते हळूच म्हणाले, "आशीर्वाद तर दिलाय. पण हा वॉटर ओक आहे हो."

"कसं शक्य आहे? बिया चर्चच्या होत्या!"

"त्यांची रोपं कुठेत?"

"रोपं कसली, हॉली उगवली होती. काटेरी पानांची."

फादरांनी डोळे मिटले. "लहानपणी लाइव्ह ओकची पानं तशीच असतात. मोठेपणी निवळतात."

ओविड खुर्चीत बसला, आणि त्याला ती उघडी बादली आठवली: खारींनी आपला हिस्सा खाऊन तिथे बापाच्या ओकची बी पुरली होती. बापापेक्षा शहाणपण दाखवायला गेला आणि बापाचंच झाड वर्षभर न्हाऊमाखू घातलं. त्याला खरोखर रडू येत होतं. आता नववा मजला.

अर्लीन आत गेली आणि कॉफीचा एक जुना डबा घेऊन बाहेर आली. डब्यात वीतभर रोप, काटेरी पानांचं. "शेडमागून उचललं होतं," ती म्हणाली. "ह्यूस्टनला न्यायचं होतं. तिथल्या दाराला नाताळात इथली हॉली असावी म्हणून."

फादरांनी पान पाहिलं आणि हसून मान डोलावली.

"म्हणजे जगला!" ओविड उठलाच. "वर्षभर जगला, अर्लीन. मी जिंकलो."

"तू उपटलास. जगवला मी. तू साफ हरलास."

प्लासीद आपल्या बुटांकडे बघू लागला. अर्लीनने डबा छातीशी धरला. मग म्हणाली, "नवव्या मजल्यावर हा वाढायचा नाही. आणि इथे या माणसाच्या भरवशावर टाकून मी जायची नाही. ओविड, कुदळ आण. मी सांगेन तिथेच खणायचं."

ओविडने तिच्यासमोरच डोळे पुसले, अश्रू लपवले नाहीत. दलालाला त्यानेच फोन केला, आणि इतक्या प्रेमाने नको म्हटलं की तो बिचारा गोंधळला.

राहिला ओविड धाकटा. मंत्रून झालेलं झाड तोडायला फादर परवानगी देईनात, तेव्हा धर्मपित्याची जबाबदारी म्हणून प्लासीदने ते मुळासकट घरी नेलं. कुठे लावलं, ते प्लासीदच्या बायकोने अजून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी अर्लीनने वीतभर रोपाशेजारी दोन खुर्च्या टाकल्या. ऊन अजून अंगावर येत होतं. ओविड आरामात टेकला, पाय पसरले आणि म्हणाला, "बघ, आपल्या ओकखाली बसलोय."

"बसलायस खरा," अर्लीन म्हणाली. "जरा सरक. तुझी सावली पडतेय त्याच्यावर."