ओटीचा नारळ

वामनराव मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवशी ते चंबळेच्या धरणावर चौकीदाराशी वाद घालत होते. दोन राज्यांच्या हद्दीवरची ही नदी त्यांनी अकोल्याच्या शाळेत आयुष्यभर फळ्यावर काढली होती. पाण्यापासून वीज कशी होते, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणून ते इतक्या लांब आले होते, आणि आज वीजघर पाहुण्यांना बंद होतं.

"मी भूगोलाचा मास्तर हावो."

"भूगोल बाहर से भी दिखता है, साब."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई खण-नारळाचं ताट घेऊन पुढे आल्या; मागे लेक अनुपमा होती. त्यांना नदीची ओटी भरायची होती. चौकीदाराने धरणामागचं पाणी दाखवलं.

"हे तं अडवलेलं हाय. ओटी वाहत्या नदीची भरतेत. वाहतं पानी कुठी हाय?"

ते वीजघराच्या पलीकडे होतं, आणि वाट वीजघरातूनच जात होती. चौकीदार विचारात पडला. पाहुण्यांना अडवायचा हुकूम होता. ओटीबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"माताजी जाएँ. थाली पकड़ने को बेटी जाए. बस."

मास्तरांचा चेहरा उजळला. "अन् नारळ कोन फोडन? बायका फोडत नाहीत. मले जावंच लागते."

चौकीदार बाजूला सरकू लागला.

"ओटीचा नारळ फोडतेत काय कुठी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तो आख्खाच सोडा लागते. काहीतरीच तुमचं."

फाटक बंद झालं. मास्तर दोघींच्या चपला राखत बाहेर उभे राहिले.

"काय पाह्यलं?" त्या परतताच त्यांनी विचारलं.

"गिरनी असते न पिठाची, तशी हाय. मोठी."

"अनुपमा, चक्राची पाती कशी होती? आडवी का उभी?"

"मी ताट सांभाळत होती, बाबा. कुंकू उडून राह्यलं होतं."

मास्तर स्टेशनापर्यंत दोघींच्या दहा पावलं पुढे चालले. गाडीत मात्र समोरच्या प्रवाशाने धरणाचं विचारलं, आणि ते सावरून बसले. पाणी कसं कोसळतं, पाती कशी फिरतात, तारेत वीज कशी शिरते, सगळं त्यांनी लोटा आणि दोन बोटं घेऊन दाखवलं. अख्खा डबा ऐकत होता.

"अव माय," मनकर्णाबाई लेकीला म्हणाल्या, "आपुन याच्यातूनच गेलो होतो काय?"

दुसऱ्या दिवशी घरी पोचून मास्तरांनी चहा घेतला, आणि बसल्या जागीच गेले.

भेटायला आलेले शेजारचे केशवराव म्हणाले, "धरन पाहून गेले, हेच समाधान."

मनकर्णाबाईंनी मान खाली घातली. अनुपमाने प्रवासातला लोटा जवळ ओढला. मग कोणाकडेच न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, आत जाऊन मले काहीच समजलं नव्हतं. तुमी गाडीत सांगतलं, तेव्हा समजलं. शाळेत तुमच्या वर्गातबी तसंच समजे. म्हनली नाही कधी."