पिठाच्या पोत्यावर वाढलेल्या मकटोरन कुळाची हकीकत

श्री. ज्यानें सर्वांस नांवें दिलीं आणि आपण अनाम राहिला, त्यास साष्टांग नमन. शके सोळाशें नव्वद, सर्वधारीनाम संवत्सर, ते सालीं उत्तरेकडील एका डोंगरी राज्यांत जें वर्तलें तें येणेंप्रमाणें. मकटोरन आडनांवाचे गृहस्थ हल्लीं देशोदेशींहून येतात आणि आमचें कूळ कोण्या राजापासून निघालें तें सांगा म्हणोन लिहिणाराचें डोकें खातात, आणि खरें सांगों जावें तर तोंड फिरवितात. तरी एकदां काय तें लिहून मोकळें व्हावें म्हणोन हा खटाटोप.

तो मुलूख थंडीचा आणि धुक्याचा. पुरुषांनीं घागऱ्यासारखें चौकड्यांचें वस्त्र नेसावें आणि बायकांनीं त्यास हंसूं नये ऐसी तेथील रीत. गहूं जोंधळा पिकेना, ओट म्हणोन जें धान्य अन्य राज्यीं घोड्यांस घालितात त्याचें पीठ शिजवून माणसांनीं खावें. तेथें मक म्हणजे पुत्र, आणि टोरन म्हणोन कोणी पूर्वज होऊन गेला, त्यावरून सरदारांचें घराणें मकटोरन. सरदार राजश्री टॉर्किलराव विशीचे, नुकतें मिसरूड फुटलेलें, आणि हांव मात्र डोंगराएवढी. दरबारीं ज्याच्या नांवाचीं माणसें अधिक त्याचा मान अधिक, आणि रावांच्या नांवाचे पाहों जातां आपण स्वतः आणि एक निपुत्रिक चुलता, तोही पांगळा. मग रावांनीं युक्ति काढिली कीं, जो मकटोरन म्हणवील त्यास पोतेंभर पीठ. दुष्काळाचें साल, घरोघरीं चुली थंड, मग काय विचारतां! चांभार आले, मेंढके आले, कोळी आले, आणि रावांचे अंगणीं पोतें उघडें ठेविलें होतें त्यांत मनगटापावेतों हात घालावा, त्रिवार 'मी मकटोरन' म्हणावें, आणि आपलें पोतें खांद्यावर टाकून घरचा रस्ता धरावा, ऐसें चाललें. त्या हिंवाळ्याचे अखेरीस रावांचें कूळ खोऱ्यांत मावेना.

त्याच खोऱ्यांत सरोवरावर होडी घालणारा नावाडी होता, आडनांव मकनावेल. त्या नांवाचा तेवढाच एक पुरुष उरला होता आणि त्यास पुत्र नव्हता, ऊना म्हणोन एक कन्या, बारा वर्षांची आणि तोंडाची फटकळ. त्या मुलुखीं स्त्रीचें लग्न जाहलें तरी माहेरचें आडनांव तिजपाशींच राहतें, म्हणोन ती बापास म्हणे कीं, बाबा, तुमचें नांव मी वागवीन, तें कोणास देऊं नका. बाप म्हणाला, पोरी, नांव शिजवून पोट भरत नाहीं. आणि तो गेला आणि हात घातला आणि त्रिवार बोलला आणि पोतें घेऊन आला. पोर रुसून कोपऱ्यांत बसली, वाडग्यास हात लावीना. मग भूक अनावर जाहली आणि तिनें तें पीठ खाल्लें, रडत रडत, रागारागानें खाल्लें. तो राग तिच्या मनांतून पुढें कधीं गेला नाहीं.

पुढें ऊनाबाईचें लग्न डुगालजी म्हणोन चांभाराचे मुलाशीं जाहलें. तोही पिठाचाच मकटोरन, परंतु गडी साफ विसरला. मग रावांनीं चाळिशी गांठली, आणि कोणी कानीं लागोन सांगितलें कीं, माणसांपेक्षां मेंढरांत लाभ फार. मग कालपर्यंत जीं रावांचीं लेंकरें होतीं त्यांस आज खोरें खालीं करा म्हणोन हुकूम जाहला, छपरें उतरविलीं, म्हातारींकोतारीं बाहेर काढिलीं, आणि राव गच्चीवर उभे राहून मेंढरें आंत येतांना पाहात होते. लोक गलबतांत बसोन समुद्रापलीकडे गेले. कोणी देव घेतला, कोणी भांडें घेतलें, ऊनाबाईनें बापाचें वल्हें घेतलें.

तो देश अरण्याचा आणि गुडघाभर हिमाचा. लोकांनीं झाडें तोडिलीं, जमीन फोडिली, आणि ऊनाबाईनें नदीकांठीं शेत करून तेथेंच होडी सुरू केली. मग पोटभर खावयास मिळूं लागलें, आणि तेथेंच घात जाहला. ज्यास त्यास वाटूं लागलें कीं आपण सरदारांचे रक्ताचे. डुगालजीनें गोठ्याचे दारावर रावांचें निशाण रंगविलें, आणि पंचमंडळीचे बैठकींत रावांचे नांवें एक रिकामी खुर्ची ठेविली, तीवर कोणी बसूं नये, मांजर निजे. ऊनाबाईनें कपाळावर हात मारून घ्यावा, अहो ज्यानें घराबाहेर काढिलें त्याचीच काय आरती ओवाळतां, ऐसें शंभरदां सांगावें, आणि शंभरदां हो हो म्हणोन डुगालजीनें मांजर उठवून खुर्ची पुसावी. बाईचा जीव मेटाकुटीस आला.

आणि एके हिंवाळ्यांत साक्षात् टॉर्किलराव येऊन उभे राहिले. मेंढरांत रोग पडला, गढी गेली, साठी उलटलेली, जोड्यांतून बोटें बाहेर. परंतु ताठा होता तैसाच. दारांतूनच म्हणाले कीं, नांव आमचें, त्या नांवानें तुम्हीं जमिनी धरिल्या, तरी नदीकांठचें उत्तम शेत आणि होडीचा घाट आम्हांस द्यावा. आणि पंच काय करितात? माना डोलावितात! डुगालजी तर पायांवरच पडला, आणि उदईक शेत रावांचे हवालीं करावें ऐसें ठरवून मंडळी उठली. शेत कोणाचें, राबलें कोण, बाईस कोणी पुसलें नाहीं. ऐशा लोकांपुढें काय बोलावें?

रावांचा मुक्काम डुगालजीचेच घरीं. ऊनाबाईनें पिठाचें पोतें ओढून मध्यें आणिलें, तोंड सोडिलें आणि म्हणाली, "रावजी, पोट भरावयाचें तर हात घाला आणि त्रिवार म्हणा, मी मकनावेल. आमच्या बापास तुम्हीं ऐसेंच म्हणविलें."

डुगालजी म्हणाला, अगे, धनी आहेत ते. बाई म्हणाली, "तुम्ही खुर्ची पुसा."

जिनें स्वतः मकटोरनाचें पीठ खाल्लें तिनें मकनावेल नांव कैसें द्यावें, ऐसी शंका कोणी काढील, तर बाबा रे, तें नांव पडून होतें, कोणाचे अंगावर नव्हतें, आतां गप्प बैस. राव संतापले, बाहेर गेले, आणि बाहेर हिमाचें वादळ, तें पाहून मुकाट आंत आले. मग मनगटापावेतों हात घातला, त्रिवार बोलले, आणि वाडगा पुढें आला तो रडत रडत, रागारागानें खाल्ला. तें खाणें ऊनाबाईनें ओळखिलें. तिचा राग तेव्हां निम्मा उतरला, आणि तिनें दुधाचें भांडें त्यांजकडे सरकविलें.

दुसरे दिवशीं पंच शेत द्यावयास जमले. बाईनें पुसलें, पाहुणे, नांव सांगा. राव खालीं पाहोन म्हणाले, मकनावेल. आतां मकनावेलास शेत कशाबद्दल द्यावें? पंच एकमेकांकडे पाहात घरोघर गेले. पुढें टॉर्किल बाईचे हाताखालीं होडी शिकला, एका विधवेशीं पाट लाविला, पुत्रही जाहला, आणि हळूहळू बरा माणूस जाहला.

मग कांहीं वर्षांनीं ऊनाबाई अंथरुणास खिळली. तिनें टॉर्किलास बोलावून त्याचे घरचें पिठाचें पोतें आणविलें. हात उचलवेना, तेव्हां त्यानेंच तो धरून पिठांत घातला. बाई दोनदां बोलली आणि धाप लागली. तिसरे खेपेस तो तिचे वतीनें म्हणूं लागला. तेव्हां ती म्हणाली, "गप रे. माझें मला म्हणूं दे." आणि 'मी मकनावेल' ऐसें म्हणोन तिनें डोळे मिटले. पीठ हाताचें कोणी झाडलें नाहीं, तैसीच पुरली.

एवंच, मकटोरन म्हणविणारे पृथ्वीभर पसरले, त्यांत टोरनाचें रक्त थेंबभर नाहीं. आणि तें ज्यांत आहे ते मकनावेल त्या नदीवर होडी घालतात, आणि उतारूंचीं राजकुळांचीं वर्णनें निमूट ऐकतात. लिहिणार दमला. पुसणारानें आतां पुन्हां पुसूं नये. इति.