कापडावरची हसरी बाई

सरकारी वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहून पडदे शिवणाऱ्या मावशींच्या छातीत धडधड होऊ लागली, ही बाब गृहनिर्माण खात्याने अत्यंत गांभीर्याने घेतली. वास्तविक मावशींनी ती खात्याला सांगितलीच नव्हती. त्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी आधी पत्ता विचारला, आणि तो ऐकताच कानातली नळी काढून गळ्यात टाकली.

"त्या वसाहतीत सगळ्यांनाच धडधडतं," ते म्हणाले. "समुपदेशक बाईंना भेटा."

बाई मनमिळाऊ होत्या. मन मोकळं करा म्हणाल्या, तसं मावशींनी केलं. त्यांची लेक कामावर वसाहतीचं नाव घेत नसे. भलत्याच थांब्यावर उतरून चालत घरी येई. मागे एकदा मैत्रिणींसोबत असताना आई समोर आली, तर तिनं ओळखही दाखवली नाही.

"तिचं तरी काय चुकलं? पत्ता कळला की लोक पर्स जवळ ओढतात," मावशी म्हणाल्या. "पण पोटच्या पोरीनं तोंड फिरवलं, तेव्हापासून आत मशीन सुरू झालंय. पाय काढला तरी थांबत नाही."

"म्हणजे मूळ कारण कलंक," बाईंनी निदान केलं. "उजेडात बसत जा, बरं वाटेल. बाकीचं मी वर कळवते."

वर कळवलेलं खाली येईपर्यंत त्याचा चेहरामोहरा बदलतो. खात्याच्या बैठकीत असं ठरलं की, कलंक लागतो तो दिसण्यामुळे. सबब वसाहत दिसू नये. लगोलग उड्डाणपुलाकडच्या बाजूला गच्चीपासून तळापर्यंत एक भलंमोठं कापड सोडण्यात आलं. त्यावर बाग, आणि बागेत हसणारं एक गोरंगोमटं कुटुंब.

मावशींच्या घरात भर दुपारी दिवा लागला. सुईत दोरा ओवेना. त्या खात्याच्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, उजेड गेला."

"बाहेरून बघा ना, किती प्रसन्न वाटतं."

"मी आत राहते, साहेब."

"तोच तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

शेवटी मावशींनी कातर घेतली आणि खिडकीएवढं कापड कापलं. हाडाच्या कारागीर, म्हणून कडा दुमडून तुरपाईही घातली. "आई, उगाच अंगाशी येईल," असं म्हणत लेकीनं कापड ताणून धरलं.

समोरच्या उंच इमारतीतून तक्रार आली. मावशींनी कापलं, नेमकं तिथं चित्रातल्या हसऱ्या बाईचं तोंड होतं. आता तिथं खरीखुरी बाई दिसत होती, आणि ती हसत नव्हती. मुलं दचकतात, ज्येष्ठांना जेवण जात नाही. आमच्या मनःस्वास्थ्याचं काय, असा रहिवाशांचा सवाल होता. या विषयात खातं नुकतंच संवेदनशील झालेलं असल्याने साहेब बाईंना घेऊन जातीनं आले.

"उजेडाचा तुमचा हक्क आम्हाला मान्य आहे," साहेब म्हणाले. "फक्त तिथं बसाल तेव्हा हसत बसा. चित्राशी मेळ बसला पाहिजे."

"आणि हसू नाही आलं तर?"

"सवयीनं येतं," बाई म्हणाल्या. "हसलं की मेंदूला वाटतं, आपण सुखात आहोत."

"आणि मेंदूला कुणी पत्ता विचारला तर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दोघं जिना उतरले.

पडदे तर शिवायलाच हवे होते. मावशी खिडकीत बसल्या. ओठात टाचण्या धरल्या की तोंड आपोआप फाकतं आणि पुलावरून ते हसल्यासारखं दिसतं, असं ध्यानात आल्यावर त्यांचं निभावलं. त्यांची ख्याती झाली. लेकीच्या कामावर एकीनं विचारलं, "पुलाजवळची ती हसरी बाई बघितलीस का गं?"

"बघितलीय," लेक म्हणाली आणि कामाला लागली. घरी येऊन मात्र तिनं ते आईला सांगितलं आणि रडली. मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. धडधड आता दोघींनाही होते.

पुलावरून जाणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात लक्षणीय सुधारणा झाल्याचं खात्याने जाहीर केलं. ते खोटं नाही. परवा पुलावर गाड्या तुंबल्या, तेव्हा तुम्हीही काच खाली केलीत, मावशींना हात केलात आणि मागे बसलेल्या मुलीला म्हणालात, "बघ, समाधानी राहायला काही लागत नाही."

मावशींना ते ऐकू गेलं. त्या उत्तर देणारही होत्या. पण टाचण्या तोंडातून काढेपर्यंत तुम्ही काच वर केली होतीत.