डोंगरावर हरवलेला बाप

"साहेब आणि बायको, एकाच शनिवारी दोघांनाही खूश करून दाखवतो!" मा उन-चॉलनं आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं, आणि घात तिथंच झाला.

साहेबांनी सगळ्या खात्याला डोंगर चढायला बोलावलं होतं. नाही म्हणायची सोयच नव्हती! आणि त्याच सकाळी, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मुलीच्या बालवाडीत बाबांचा दिवस. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं आपापला बाबा शोधतात. गेल्या वर्षी उन-चॉल ऑफिसात होता. चिमुरडी ये-राम शेवटी खांबाला मिठी मारून उभी राहिली होती.

"यंदाही खांबच का हो?" बायकोनं, सोन-एनं, विचारलं होतं.

"छे! साहेबांनी सुट्टी दिलीय!" त्यानं बिनदिक्कत ठोकून दिलं.

अर्ध्या वाटेवर साहेबांची तांदळाची दारू आणि लसूण घालून भाजलेलं मांस अशी बैठक बसली, तसा हा झुडपाआडून सटकला. घसरत-घरंगळत खाली आला, बालवाडीच्या मोरीत साबणानं खसखसून अंग घासलं, नवा सदरा चढवला आणि बाबांच्या रांगेत हजर! सोन-ए चक्क लाजली. किती वर्षांनी नवरा उजेडात दिसत होता!

इतक्यात डोंगरावरचा भोंगा कडाडला. "हरवले आहेत! मा उन-चॉल! वय एक्केचाळीस! पोट सुटलेलं!"

"माझे बाबा!" ये-राम अभिमानानं किंचाळली.

सोन-एचा फोन वाजला, बचाव दलाचा. "दरीत पडले? अहो, ते तर इथं बालवाडीत पोट आत ओढून उभे आहेत!" फोन ठेवून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "सुट्टी दिली होती ना साहेबांनी?"

"दिली असती गं... मी मागितली असती तर!"

धाडकन दार उघडलं. डोक्यात पालापाचोळा, तोंडाला दारू-लसणाचा भपका, घामाघूम झालेले उन-चॉलचे कु साहेब! मागे बचाव दलाचे दोघे, स्ट्रेचरसकट!

"मा उन-चॉल! अरे, तुझ्या आईला काय सांगू म्हणून दरीत वाकून रडत होतो मी..."

"शू! आधीच उशीर केलात!" बालवाडीच्या बाईंनी साहेबांचं बखोट धरून त्यांना बाबांच्या रांगेत उभं केलं. "आता तोंडातून अक्षर नको!"

साहेबांनीही पोट आत ओढलं! असं त्यांना बावीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

पट्टी बांधलेली ये-राम चाचपडत आली. उन-चॉलनं मनातल्या मनात बुद्धाला एकशे आठ दंडवत कबूल केले. तिनं त्याच्या सदऱ्याला नाक लावलं. "साबण," म्हणाली आणि पुढे सरकली!

साहेबांपाशी मात्र थबकली. हुंगलं. चेहरा उजळला.

"बाबा!" आणि साहेबांच्या मांडीला घट्ट मिठी!

"अगं, मी इकडे आहे!" उन-चॉल रांगेतून एक पाऊल पुढे आला.

तिनं ठामपणे मान हलवली. "नाही. मी झोपल्यावर बाबा पापी घ्यायला येतात ना, त्यांचा असाच वास येतो."

साहेबांनी आपल्याच सदऱ्याचा वास घेऊन पाहिला!

बचाव दलाच्या माणसानं हळूच वही उघडली.

"वहिनी," तो सोन-एला म्हणाला, "मग सापडले असं लिहू, की नको?"